हवामान अहवालाच्या लेखकांना एका निवृत्त हिशेब तपासनिसाचं खुलं पत्र

प्रति,
आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या) सातव्या अहवालाचे लेखक

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कुणी मला ओळखत नाही आणि ओळखायचं काही कारणही नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच सुटला. या पत्राला निमित्त झाला माझा मेहुणा.

दोन वर्षांपूर्वी त्यानं मला फोनवर एक आलेख पाठवला. 1998 ते 2012 या काळातलं पृथ्वीचं सरासरी तापमान, आणि रेषा जवळजवळ आडवी. खाली शेरा : ‘दाजी, थांबली बरं का तुमची तापमानवाढ.’ ती माझी कधी झाली कोण जाणे. बोलण्याच्या ओघात एकदा तिची बाजू घेतली होती, तेवढंच.

पण त्या आलेखानं माझ्यातला तपासनीस जागा झाला. हिशेब फार गुळगुळीत दिसला, की आम्ही आधी तो कोणत्या तारखेला उघडतो आणि कोणत्या तारखेला मिटतो ते बघतो. 2012 सरून दशक उलटलं होतं, मग खातं तिथंच का मिटवलं? मी वर्षवार आकड्यांचा तक्ता उतरवून घेतला, आलेखाचा कागद काढला आणि एका रविवारी पेन्सिलनं ठिपके मांडत बसलो. 1998चा ठिपका शेजारच्या ठिपक्यांच्या डोक्यावर उभा होता. ते जबर एल निन्योचं वर्ष, प्रशांत महासागरानं पोटातली उष्णता हवेत ओतली होती. पट्टी त्या ठिपक्यावर टेकवली, की पुढची चौदा वर्षं सपाट दिसतात. तीच पट्टी एक वर्ष मागं किंवा पुढं सरकवली, की रेषा चढायला लागते. 1970पासून आजपर्यंत मांडलं, तर पट्टीची गरजच उरत नाही. 2024अखेरच्या नोंदीत 2015 ते 2024 ही दहाच्या दहा वर्षं सर्वांत उष्ण. 1998चा तो मनोरा आता त्यांच्या पायाशी कुठंतरी दिसतो.

मेहुण्याला खोटं पाडल्याचा आनंद दोनच दिवस टिकला. कारण मग मी तुमचा 2013चा अहवाल उघडला. त्यात तुम्हीच लिहिलंय : 1951 ते 2012 या काळात दर दशकाला 0.12 अंश वाढ, आणि 1998 ते 2012 या काळात फक्त 0.05. म्हणजे वेग मंदावल्याची गोष्ट त्यानं काही खिशातून काढली नव्हती. सुरुवातीचं वर्ष बदललं की आकडा बदलतो, हेही तुम्ही तिथंच नोंदवलं आहे. मग टीव्हीवरच्या चर्चेत तुमची बाजू मांडणारे एक गृहस्थ ‘असं काही नव्हतंच, ही निव्वळ अफवा’ असं ठणकावून का सांगत होते? खरं उत्तर त्या अफवेपेक्षा जास्त पटण्यासारखं होतं. हवेतला आकडा समुद्राच्या देण्याघेण्यानं वरखाली होतो. जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रातच जाते, आणि समुद्र त्या सगळ्या वर्षांत तापतच होता. हे सांगायला मिनिट लागलं असतं.

तक्रारीकडे वळण्याआधी तुमचं जे मला बिनशर्त पटलं ते सांगतो. नाहीतर या पत्राचे तुकडे कापून कुणीतरी फिरवेल.

मला सर्वांत आधी पटला तो कार्बनचा ताळा. हवेतला कार्बन डायऑक्साइड 1958मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी मोजायला घेतला तेव्हा दशलक्ष भागांत सुमारे 315 भाग होता. 2024मध्ये तो सुमारे 424 झाला. आता ही जमा आमच्याच धुराड्यातून आली, की ज्वालामुखीतून, की समुद्रातून? तुमच्या लोकांनी याची दुहेरी नोंद दाखवली आहे. कोळसा आणि तेल म्हणजे जुन्या वनस्पती. वनस्पती हलका कार्बन जास्त उचलतात, त्यामुळे त्या इंधनात कार्बन-13चं, म्हणजे जड कार्बनचं, प्रमाण कमी असतं. हवेतलं ते प्रमाण त्याच बेतानं घसरतंय. शिवाय जळायला ऑक्सिजन लागतो, तर हवेतला ऑक्सिजनही अगदी थोडा, पण मोजता येईल इतका कमी होतोय. ज्वालामुखीनं वायू ओकला असता तर ऑक्सिजनच्या नावे ही रक्कम पडली नसती. आपण जे सोडतो त्यातला साधारण अर्धा हवेत राहतो, उरलेला समुद्र आणि जमीन वाटून घेतात. दरवर्षीच्या या हिशेबात जो फरक जुळत नाही तो तुमचे सहकारी वेगळ्या ओळीत छापतात, हे पाहून मला भरून आलं. आम्ही त्याला उचंत खातं म्हणतो. जुळत नाही ते लपवायचं नाही, उचंतात टाकून डोळ्यांसमोर ठेवायचं. मी तपासलेल्या निम्म्या लोकांना हे कधी जमलं नाही.

दुसरी गोष्ट बादल्यांची. ही मी मेहुण्याला इतक्यांदा सांगितली आहे, की आता तो विषय निघाला की फोन दुसऱ्याच्या हातात देतो.

त्याचा मोठा आक्षेप हा, की शास्त्रज्ञ जुन्या नोंदी ‘दुरुस्त’ करतात, म्हणजेच फिरवतात. दुरुस्तीची नोंद दिसली की माझेही कान टवकारतात, हे कबूल करतो. पण मग मी वाचलं, की समुद्राचं तापमान पूर्वी मोजायचे कसे. खलाशी दोराला बांधलेली कॅनव्हासची बादली पाण्यात सोडायचा, ती वर ओढायचा आणि डेकवर ठेवून तीत तापमापक बुडवायचा. ओलं कापड, वर वारा. बाष्पीभवन होऊन पाणी वाचन घेईपर्यंत थंड व्हायचं. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायानं. पुढं इंजिनाला गार ठेवायला आत ओढलेल्या पाण्याचं तापमान घ्यायला लागले, ते उलट किंचित गरम दाखवायचं. म्हणजे जुन्या वह्यांत समुद्र होता त्यापेक्षा थंड लिहिला गेला. दुरुस्ती काय, तर जुना आकडा वर उचलायचा. आणि जुना आकडा वर उचलला की तेव्हापासून आजपर्यंतची वाढ कमी दिसते! जमिनीवरच्या काही दुरुस्त्यांनी वाढ जास्त दिसते, हे खरं. पण जमीन आणि समुद्र एकत्र धरले, तर सगळ्या दुरुस्त्यांचा निव्वळ परिणाम शतकभराची तापमानवाढ थोडी कमी दाखवण्याकडे आहे. स्वतःच्या विरुद्ध जाणारी दुरुस्ती करणारा लबाड मी तरी पाहिलेला नाही. हे वाक्य तुमच्या सारांशाच्या पहिल्या पानावर ठळक का नाही?

रिचर्ड म्युलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञालाही माझ्या मेहुण्यासारखाच संशय होता. त्यांनी वेगळी माणसं जमवून, जगभरच्या केंद्रांचे आकडे नव्यानं घेऊन सगळा हिशेब पहिल्यापासून मांडला. मदतीत एका तेलसम्राटाच्या प्रतिष्ठानाचे पैसेही होते. बेरीज तीच आली, आणि 2012मध्ये त्यांनी तसं जाहीर लिहिलं. आमच्या धंद्यात याला फेरतपासणी म्हणतात, आणि ती विरोधकाच्या माणसानं केली की तिचं वजन दुप्पट होतं.

आता तक्रार. मुख्य तक्रार एकच आहे, बाकी तिच्या शाखा. प्रश्न तीन वह्यांतले असतात आणि तुम्ही, तुमचे प्रवक्ते आणि तुमचे विरोधक, सगळे मिळून ते एकाच वहीत लिहिता.

पहिली वही : काय घडतंय आणि कुणामुळं. ही जवळजवळ बंद झालेली वही आहे. ती बंद कशी होत गेली हे तुमच्याच शब्दांत पाहण्यासारखं आहे. 1995मध्ये तुम्ही म्हणालात, माणसाचा प्रभाव जाणवण्याजोगा आहे असं पुराव्याचं पारडं सुचवतं. 2001मध्ये ‘संभव आहे’, 2007मध्ये ‘फार संभव आहे’, 2013मध्ये ‘अत्यंत संभव आहे’, आणि 2021मध्ये सगळी विशेषणं गळून ‘निर्विवाद’. मला तर ही पायरी-पायरीची चढण शेवटच्या शब्दापेक्षाही जास्त विश्वासार्ह वाटली. एकदम ओरडणाऱ्यापेक्षा पंचवीस वर्षं घसा साफ करणारा माणूस बरा.

दुसरी वही : किती आणि कधी. ही उघडी आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल? 1979मध्ये जूल चार्नी यांच्या समितीनं सांगितलं, दीड ते साडेचार अंश. 2013च्या अहवालातही तेच, दीड ते साडेचार! चौतीस वर्षं रक्कम उचंतात. 2021मध्ये तुम्ही ती अडीच ते चारवर आणलीत, मधला अंदाज 3. अडीच आणि चारमध्ये पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्याचा मोठा भाग ढगांत अडकलाय. ढग वरून ऊन परतवतात आणि खालची उष्णता पांघरुणासारखी धरूनही ठेवतात. जग तापताना यातलं कोणतं काम किती वाढेल, यावर तुमच्यात खरा, जिवंत वाद आहे. 2021च्या अहवालावेळी हवामानाची काही नवी संगणकी प्रतिमानं 5 अंशांच्याही वर गेली, तेव्हा तुम्ही त्यांची सरळ सरासरी न घेता प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून त्यांचं वजन ठरवलंत. किती छान गोष्ट! पण ती मला शेकडो पानांखाली सापडली.

तिसरी वही : मग करायचं काय, कुणी आणि किती घाईनं. ही वही विज्ञानाची नाहीच. विज्ञान तिला आकडे पुरवतं, पण शेवटची सही दुसऱ्या कुणाचीतरी असते. माझ्या ओळखीच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. शंभर वर्षांनी होणारं 100चं नुकसान आज कितीचं मानायचं? ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी 2006च्या अहवालात, पुढची रक्कम आजच्या किमतीत आणायला, वर्षाला सुमारे 1.4 टक्के दर धरला. त्या दरानं ते नुकसान आज 25च्या आसपास भरतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांना हा दर फारच कमी वाटला. नुसता 4 टक्के धरून बघा, ते 100 आज जेमतेम 2 उरतात. दोघेही तापमानवाढ मानणारे, दोघांची गणितं शुद्ध, नॉर्डहाउस यांना तर 2018मध्ये नोबेल मिळालं. भांडण आहे ते अजून न जन्मलेल्या नातवाला आपल्या बरोबरीनं मोजायचं की नाही, यावर. ते कोणत्या उपग्रहानं मोजणार?

या तीन वह्यांची सरमिसळ काय करते, हे मला गाय कॅलेंडर यांच्या गोष्टीत दिसलं. हा माणूस हवामानतज्ज्ञ नव्हता. वाफेच्या इंजिनांवर काम करणारा इंजिनिअर. फावल्या वेळात त्यानं 147 केंद्रांचे तापमानाचे आकडे गोळा केले, हातानं सरासऱ्या काढल्या आणि 1938मध्ये तज्ज्ञांच्या सभेत जाऊन सांगितलं, की जग तापतंय आणि त्यात कोळशाच्या धुराचा हात आहे. सभेनं त्याचं कौतुक केलं आणि विश्वास ठेवला नाही. पंचाहत्तर वर्षांनी त्याचे आकडे आजच्या नोंदींशी ताडले, तर ते आश्चर्य वाटावं इतके जुळले. म्हणजे पहिल्या वहीत तो बरोबर होता. पण ही ऊब माणसाच्या भल्याची आहे, जीवघेण्या हिमनद्यांचं पुन्हा येणं लांबेल, असं त्याचं मत होतं. तिसऱ्या वहीत त्यानं भलतीच सही केली, तरी त्यानं त्याची बेरीज चुकत नाही. आज मात्र आम्हाला सही आवडली नाही की आम्ही बेरीजच खोटी ठरवतो. मेहुण्याला तापमानवाढ रोखायला लावायचे वाढीव कर नको आहेत, म्हणून त्याला तापमापक खोटा हवाय. आणि तुमच्या बाजूचे काही जण, कराबद्दल शंका काढणाऱ्याला तापमापक न मानणाऱ्यांच्या रांगेत उभं करतात. मलाही एकदा केलंय.

शब्दांबद्दलही बोलायचं होतं. तुम्ही इंग्रजीत लिहिता, पण तुमचे शब्द आमच्यापर्यंत मराठीतून येतात, आणि वाटेत त्यांचं काय होतं ते तुम्हाला कळायला हवं. आमच्याकडे आजचा पाऊस म्हणजेही हवामान आणि तीस वर्षांची सरासरी म्हणजेही हवामान. ‘हवामान बदलतंय’ म्हटलं, की ‘ते तर रोजच बदलतं’ हे उत्तर वाद घालायला नव्हे, भाषेतूनच येतं. तज्ज्ञ ‘दीर्घकालीन’ हा शब्द पुढं जोडतात, बातमीदार जागा वाचवायला तो काढून टाकतात. ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ म्हणजे तुमच्या लेखी तापल्यामुळं आणखी तापणं, पण ते ऐकून माझी बायको म्हणाली, ‘चला, काहीतरी चांगलं सांगितलं.’ आणि ‘अनिश्चितता’! तुमच्या लेखी तो अंदाजाचा पट्टा आहे, अमुकपासून तमुकपर्यंत. आमच्या लेखी अनिश्चित म्हणजे माहीत नाही. तुमच्या कोशात ‘संभव आहे’ म्हणजे किमान 66 टक्के आणि ‘फार संभव आहे’ म्हणजे किमान 90. घरातल्या पाच जणांना मी ‘फार संभव आहे’ म्हणजे शंभरात किती, असं विचारलं. उत्तरं 50पासून 80पर्यंत आली. नव्वदला कुणी पोचलं नाही. आकडाच शब्दाच्या शेजारी का छापत नाही, प्रत्येक वेळी?

चुकांबद्दल एक. 2007च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035पर्यंत नाहीशा होण्याचा संभव फार आहे, असं एक वाक्य होतं. ते तपासलेल्या शोधनिबंधावर उभं नव्हतं, एका संस्थेच्या पुस्तिकेतून आलं होतं, आणि तिथं एका मासिकातल्या बातमीतून. जानेवारी 2010मध्ये तुम्ही चूक मान्य केलीत. हजारभर पानांच्या खतावणीत एक नोंद चुकीची सापडली म्हणून मी ताळेबंद फेटाळणार नाही, फेटाळला असता तर माझं सगळं आयुष्य फेटाळण्यातच गेलं असतं. पण शंका काढणाऱ्यांना आधी उडवून लावलं गेलं आणि कबुली नंतर आली, या क्रमाचं मोल तुम्ही अजून चुकवताय. मेहुणा आजही 2035 म्हणतो. ते त्याला पाठ आहे. 2021च्या अहवालावर 78,000हून अधिक हरकती-सूचना आल्या आणि प्रत्येकीचं उत्तर तुम्ही प्रसिद्ध केलंत, हे त्याला माहीतच नाही.

आणि भीतीचा आकडा मधल्या अंदाजासारखा वापरू देऊ नका. ‘8.5’ नावाची ती सर्वांत वाईट वाट, जीत कोळशाचा वापर अफाट वाढत जातो, किती तरी वर्षं ‘असंच चालू राहिलं तर’ या नावानं मथळ्यांत फिरली. तशा वाटेची शक्यता कमी मानली जाते, असं तुम्हीच 2021च्या अहवालात आत कुठंतरी लिहिलं आहे. आत का? विरोधकानं ते शोधून काढलं की तो त्याचा विजय होतो, तुम्ही बाहेर छापलं असतं तर तो तुमचा प्रामाणिकपणा ठरला असता.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या अहवालाच्या सारांशात प्रत्येक विधानाशेजारी ते कोणत्या वहीतलं, हे लिहा. तिसऱ्या वहीवर तुमचं वैयक्तिक मत असेल तर नागरिक म्हणून खुशाल मांडा, पण प्रयोगशाळेचा कोट काढून. आणि उचंत खात्याचं एक स्वतंत्र पान द्या : गेल्या अहवालात जुळत नव्हतं त्यातलं काय जुळलं, काय अजून लटकलंय आणि तुमचे कोणते अंदाज चुकले. ते पान सगळ्यात जास्त वाचलं जाईल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

मेहुण्याला मी माझा पेन्सिलचा आलेख पाठवला होता, 1970पासूनचा. तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग एका रात्री फोन आला. म्हणाला, ‘दाजी, तापतंय हे मान्य. पण ते ढगांचं तुम्ही म्हणालात ना, सावली धरणार की पांघरूण? सावली जास्त धरली तर?’ मी म्हटलं, अलीकडचा पुरावा पांघरुणाच्या बाजूला झुकतो असं वाचलंय. ‘किती झुकतो?’ म्हणाला.

मला सांगता आलं नाही. म्हणून त्याचा प्रश्न सोबत जोडतोय. उत्तर शक्यतो एका पानात आणि मराठीत कुणाला सांगता येईल अशा भाषेत पाठवावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हिशेब तपासनीस